भूकंपाचे वर्ष

मनुष्याचा जन्म ही सर्वस्वी विधात्याच्या हातची गोष्ट आहे, याबद्दल जगातल्या सगळ्या धर्मांचे एकमत आहे. घाटकोपर पूर्वेच्या एका शाळेत मात्र ती गेली चोवीस वर्षे लवू धोंडू घाडीगावकर या हेडक्लार्कच्या हातची होती, आणि विधात्याने अव्यवस्थितपणे बारा महिने पसरून ठेवलेले जन्म ते उचलून एक जूनला एका रांगेत बसवत असत. त्यात देवाचा अपमान करण्याचा हेतू नव्हता. आईबापांना तारीख ठाऊक नसे. ‘भातकापणी चाललेली’, ‘थोरला गेला त्याच्या पुढच्या साली’ असली उत्तरे रजिस्टरच्या चौकटीत मावत नसत. मग भाऊसाहेब (शाळेत त्यांना सगळे भाऊसाहेबच म्हणत) पोराला टेबलासमोर उभे करत, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावत आणि हात कितपत पोचतो ते पाहून त्याला जन्माला घालत. कान पुरता मुठीत आला तर सात वर्षांचा, बोटे टेकली तर सहाचा, केसांतच अडकली तर पुढच्या वर्षी या. या पद्धतीने त्यांनी अडीच-तीन हजार माणसे निर्माण केली होती. त्यांतली काही आता पोलिसात होती, एक नगरसेवक झाला होता, आणि कोणाचीही तक्रार नव्हती.

तक्रार आली ती बावीस जानेवारी १९८६ रोजी, बुधवारी सकाळी पावणेदहा वाजता, मुलुंडच्या एका खाजगी प्रसूतिगृहात. डॉक्टरीणबाईंनी फॉर्म पुढे ओढला, पेनाचे टोपण काढले आणि विचारले, “मुलीचं वय?” दोन उत्तरे एकदम आली.

“सतरा वर्षं, एक महिना, अकरा दिवस,” भाऊसाहेब म्हणाले.

“अठरा,” अनुपमा म्हणाली.

आणि हसली. बाबा सवयीने बोलून गेले, असे तिला वाटले. “अहो बाबा, तेच तर बदलायला आलोय ना आपण?” असे म्हणून तिने डॉक्टरीणबाईंकडे पाहिले. आपले वडील थोडे असेच आहेत, सांभाळून घ्या, अशा त्या बघण्याने भाऊसाहेबांच्या आत कुठेतरी काहीतरी हलले. फार नाही. फळीवरचा रिकामा पेला वरच्या मजल्यावर कोणी पाट आपटल्यावर हलावा तेवढे. ते पेपरवेटकडे पाहू लागले. काचेच्या पेपरवेटात एक निळे फूल होते आणि फुलात एक बुडबुडा अडकला होता. बुडबुडा केव्हापासून अडकला असेल, याची कुठेच नोंद नसणार, असा एक बिनकामाचा विचार त्यांच्या मनात आला. तो त्यांनी जाऊ दिला नाही. दुसरे जे विचार दाराशी उभे होते त्यांच्यापेक्षा हा बरा होता.

तिला त्यांनी सांगितले होते की डॉक्टरकडून वयाचा दाखला मिळतो. दात बघतात, मनगटाचा एक्स-रे काढतात, हाडांवरून वय सांगतात. हे खरेच होते. भाऊसाहेब सहसा खोटे बोलत नसत, खऱ्या गोष्टी वेगळ्या कपाटात ठेवत. एक्स-रेला उपाशीपोटी जावे लागते असेही त्यांनी सांगितले होते. म्हणून ती सकाळपासून चहासुद्धा न पिता, डोक्याला तेल लावून, चापूनचोपून वेणी घालून, आईची बदामी साडी नेसून निघाली होती. हाडांचा फोटो काढायचा तर साडी कशाला, असे भाऊसाहेबांना वाटले होते, पण अठराची दिसावी म्हणून असेल, हेही त्यांना लगेच कळले होते. रिक्षात ती त्यांना म्हणाली होती, “बाबा, तुम्ही एवढं कराल असं मला वाटलं नव्हतं हां.” तेव्हा भाऊसाहेबांनी रिक्षावाल्याला भांडुपचा पूल टाळायला सांगितले होते.

खरे वय त्यांना माहीत होते. गावच्या वाडीत सगळ्यांना माहीत होते, कारण ते विसरण्यासारखे नव्हते. सदुसष्टच्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे भाऊसाहेब घाटकोपरच्या चाळीत गॅलरीत झोपले होते. मांडणीवरची भांडी आपापसात बोलल्यासारखी वाजली, शेजारचा नाना चड्डीवर धावत खाली गेला, आणि भाऊसाहेबांनी पहिल्यांदा काय उचलले असेल तर उशाखालचे शाळेचे मस्टर. ते छातीशी धरून ते चौकात उभे राहिले. सगळे हसले होते, पण भाऊसाहेबांना त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. माणसे बाहेर आली होती, मस्टर आत राहिले असते. त्याच पहाटे मालवणपासून आठ मैलांवर, मातीच्या घरात त्यांच्या बायकोला, शेवंतीला, कळा येत होत्या. जमीन हलली, कौले खळाखळा घसरली, सुईण “भूकंप, भूकंप” करत अंगणात पळाली, आणि परत आली तेव्हा मूल झालेले होते. कोणीही समोर नसताना. पुढे सहा दिवसांनी कार्ड आले: ‘भूकंपाच्या टायमाक चेडू झाला. दोघांय बरी आसत.’ कार्ड त्यांनी जपून ठेवले नाही. बाकी सगळे त्यांनी जपून ठेवले होते.

चौऱ्याहत्तरला खोली मिळाली आणि शेवंती मुलीला घेऊन मुंबईत आली. मुलगी साडेसहाची, शाळेत पाऊल नाही. साडेसहाची पहिलीत म्हणजे उशिरा आलेली. क्लार्कची मुलगी आणि उशिरा आलेली. शिवाय पुढे स्कॉलरशिपला वयाची अट, नोकरीला वयाची अट, आणि सगळ्यात शेवटी निवृत्ती, तिथे एक वर्ष म्हणजे एक वर्ष. अठ्ठावन्न पूर्ण होतील तेव्हा लोक घरी जातील आणि हिची खुर्ची वर्षभर टिकेल. मग ती म्हणेल, बाबांनी ठेवलं होतं. या विचाराने तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. एक जून लिहायला हात धजेना. एक जून दुसऱ्यांच्या पोरांसाठी होता. तारीख त्यांनी खरी ठेवली, महिना खरा ठेवला, फक्त भूकंप एक वर्षाने पुढे ढकलला: अकरा डिसेंबर एकोणीसशे अडुसष्ट. नवे हेडमास्तर कडक होते, स्वतः हात बघायचे. म्हणून आदल्या संध्याकाळी भाऊसाहेबांनी तिला खोलीच्या मध्ये उभे केले. तिने हात डोक्यावरून नेला आणि कान चक्क मुठीत पकडला. वर ओढलाही. “असा नाय,” ते म्हणाले. “बोटं टेकव. धरू नको.” “पण माझा पोचता ना, बाबा.” “पोचला तरी धरायचा नाही.” तिने सात-आठ वेळा सराव केला. बोटे कानापर्यंत आणायची आणि तिथून, जणू पुढे रस्ताच संपला, असा चेहरा करायचा. दुसऱ्या दिवशी तिने तो इतका सुरेख केला की हेडमास्तर म्हणाले, बघा, जेमतेम. तो जेमतेम चेहरा भाऊसाहेबांना नंतर बरीच वर्षे आवडला होता. गेल्या पंधरवड्यात तो त्यांना दोनदा आठवला. दोन्ही वेळा ते जेवत होते, आणि दोन्ही वेळा त्यांनी मीठ मागितले.

पंधरवड्यापूर्वी ती आणि कुंडलिक नोंदणी कचेरीत लग्नाची नोटीस द्यायला गेले होते. तिथल्या माणसाने शाळेचा दाखला बघितला आणि म्हणाला, डिसेंबरात या. कुठल्या डिसेंबरात, तर अजून आला नाही त्या. ती घरी आली, उंबऱ्याशी चपला काढल्या आणि उभ्या उभ्याच सगळे सांगितले: कुंडलिक, दिवस गेल्याला दोन महिने, लग्न, तारीख. घाबरलेली वगैरे नव्हती. दुकानातून चुकीचे सामान आले आहे, बदलून आणा, असे सांगावे तशी सांगत होती. शेवंतीने आधी तिच्या थोबाडीत मारली, मग तिला जेवायला वाढले, आणि मग भाऊसाहेबांकडे वळून म्हणाली, “तुमी ता वरीस बदला बघूया. भूकंप झालो तेव्हा कळा माका येत होत्यो, तुमच्या रजिस्टराक नाय.” मालवणी शेवंतीच्या तोंडी नेहमी भांडखोर वाटे. भाऊसाहेब फक्त म्हणाले, “रजिस्टरात खाडाखोड होत नाही.”

दुसऱ्या दिवशी कुंडलिक शाळेत आला. टेलिफोन खात्यात लाइनमन, गोवंडीला राहणारा, अंगावर खाकी, खिशाला टेस्टर. त्यालाही भाऊसाहेबांनीच जन्माला घातले होते. सत्तर साली त्याची आई सुंदराबाई त्याला घेऊन खिडकीशी उभी होती. तारीख विचारल्यावर तिने आकाशाकडे पाहिले होते. कान मुठीत आला नव्हता, नुसती बोटे टेकली होती. तेव्हा एक जून चौसष्ट. या हिशेबाने तो आता एकवीस पूर्ण होता. लग्नाला लायक. भाऊसाहेबांच्या अक्षरात लायक.

“भाऊसाहेब, तुम्हीच लिहिलंय, तुम्हीच दुरुस्त करा ना,” तो म्हणाला. बोलणे अदबीचे होते, त्यामुळे त्यात पकडायला काही सापडेना. “खाडाखोड नको. बाजूला शेरा मारा, लाल शाईनं. चालतं म्हणे.”

“कोण म्हणे?”

“वकील. गावचा जन्माचा उतारा काढायलाही तो अर्ज करतोय. पण त्याला महिना-दोन महिने जातील, सापडला तर. तुमचा शेरा आजच्या आज होतो.”

“बस. चहा घे.”

चहा त्यांनी स्वतः ओतून दिला. शाळेत त्यांनी जातपात कधी पाळली नव्हती. चौदा एप्रिलला ऑफिसातल्या तसबिरीचा हार दरवर्षी ते स्वतः निवडून आणत, शिपायावर सोपवत नसत. कुंडलिकने चहा घेतला, बघतो म्हणालात त्याबद्दल आभार मानले, खरे तर भाऊसाहेब बघतो म्हणालेही नव्हते, आणि तो गेला. कप भाऊसाहेबांनी स्वतःच धुतला. दोनदा. पहिल्यांदा साबण नीट लागला नव्हता. कप पुसताना त्यांच्या लक्षात आले की गावचा उतारा आला तर आपला शेरा लागणारच नाही. म्हणजे हातात महिनाभर. त्यातही गर्भ बारा आठवड्यांच्या आतला असला तर तो पाडायला एक डॉक्टर पुरतो, पुढे दोन लागतात. हे त्यांनी कायद्याच्या पुस्तकात पाहिले. पुस्तक शाळेच्या लायब्ररीतले होते. कार्डावर नाव न घालता त्यांनी ते दोन दिवस घरी ठेवले, चोवीस वर्षांत पहिल्यांदा. त्यात स्वच्छ लिहिले होते: अठरा पूर्ण नसलेल्या मुलीच्या बाबतीत पालकाची लेखी संमती. एवढेच. तिची हवी की नको, याबद्दल ते कलम बोलत नव्हते. भाऊसाहेबांना ते वाक्य फार नीटनेटके वाटले.

“कोयनेचा भूकंप झाला ना, तेव्हा झाले मी,” अनुपमा आता डॉक्टरीणबाईंना सांगत होती. “अगदी त्याच वेळी. सदुसष्ट. आईला विचारा, गावात कोणालाही विचारा. आणि हे बघा.” तिने एकदम उजवा हात उचलला, तेल लावलेल्या डोक्यावरून पलीकडे नेला आणि डावा कान पुरता मुठीत धरला. कुडीसकट. “पहिलीत घालताना बाबांनी धरू दिला नव्हता.” ती खो खो हसली. टेबलाशी उभ्या जयंती सिस्टरही हसल्या. भाऊसाहेबांचा स्वतःचा उजवा हात मांडीवरून दोन इंच वर आला होता. तो त्यांनी परत ठेवला. त्यांची जन्मतारीखही एक जूनच होती. कोणी घातली, कान कुठवर पोचला होता, त्यांना आठवत नव्हते. आपण नक्की किती वर्षांचे आहोत, हे या खोलीत कोणी विचारले तर? कोणी विचारले नाही.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. “मी तेव्हा मेडिकलच्या होस्टेलला होते,” त्या सावकाश म्हणाल्या. “थर्ड इयर. तांब्या पडला होता माझ्या अंगावर.” त्या मुलीकडे बघत राहिल्या, मग भाऊसाहेबांकडे. पंखा एका फेरीत एकदा कट्ट वाजत होता. भाऊसाहेबांनी सात कट्ट ऐकले. मग त्यांनी पिशवीतून शाळा सोडल्याचा दाखला काढला, उलगडला आणि फूल असलेल्या पेपरवेटाखाली ठेवला. दाखल्यावर शिक्का होता. डॉक्टरीणबाईंनी तो वाचला, परत वाचला. “भूकंप मलाही आठवतो गं,” त्या म्हणाल्या, “पण मला कागद लागतो.” आणि तो फॉर्म त्यांनी भाऊसाहेबांकडे सरकवला.

फॉर्म इंग्रजीत होता. वर गर्भवती स्त्रीने स्वतः भरायचा मजकूर, खाली पालकाने भरायचा. खालच्या मजकुरात ‘माझी पाल्य, जी अज्ञान / वेडी आहे’ अशा अर्थाचे छापले होते. कायद्याने या दोघींना एकाच ओळीत बसवले होते, मध्ये एक तिरकी रेघ. नको ते खोडा. भाऊसाहेबांनी शर्टाच्या खिशातून सहा इंची पट्टी काढली, ‘वेडी’ या शब्दाखाली नाही, बरोबर मध्यावर ठेवली, आणि एक सरळ, बारीक रेघ मारली. त्यात त्यांना क्षणभर बरे वाटले. निदान तेवढे तरी आपण मुलीसाठी केले.

अनुपमाने इंग्रजी पाचवीपासून घेतले होते. ती वाकून वाचत होती, ओठ हलवत. तिचा हसरा चेहरा एकदम गेला नाही, थोडा थोडा गेला. आधी डोळे थांबले, मग ओठ. भाऊसाहेबांना तेलाचा वास आला आणि त्याच्याखालून डेटॉलचा.

“हे एक्स-रेचं नाहीये,” ती म्हणाली.

भाऊसाहेबांनी पट्टी परत खिशात ठेवली.

“डॉक्टर, मला मूल हवंय. आमचं लग्न ठरलंय. मी नाही म्हणतेय. माझी सही कुठंय यात? बाबा, तुमचं पेन द्या, मी वर लिहिते, नाही म्हणून.”

“वरचा भाग अठराच्या पुढच्यांसाठी आहे गं,” जयंती सिस्टर म्हणाल्या. आवाज मायेचा होता. बँकेत चुकीच्या खिडकीशी उभ्या राहिलेल्या म्हातारीला सांगतात तसा.

“मग मी निघाले.” ती खरेच उठली. बदामी साडीचा पदर खुर्चीच्या हातात अडकला, तो तिने हिसडून सोडवला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तुम्ही दोघं बाहेर बोला. जबरदस्तीनं मी हात लावणार नाही. पाच मिनिटं देते.” आणि फॉर्म फायलीत न ठेवता टेबलावरच ठेवला.

बाहेर बाकावर एक बाई मोसंबी सोलत होती. भाऊसाहेब मुलीला जिन्याजवळ घेऊन गेले. ओरडायचे नाही, हे त्यांनी आधीच ठरवले होते. शाळेतही ते कधी ओरडत नसत. “बघ बाय,” ते म्हणाले. बाय त्यांनी तिला बऱ्याच वर्षांत म्हटले नव्हते. “कागदानं तू सतराची. इथनं तू गेलीस तर गोवंडीला जाणार. अठराच्या आतली मुलगी बापाच्या ताब्यातनं नेली, म्हणजे पळवून नेली. ती आपल्या पायानं गेली का, हे विचारत नाहीत. कुंडलिकची नोकरी सरकारी. अटक झाली की सस्पेंड. दाखल्याची दुसरी नक्कल माझ्या पिशवीत आहे, पोलिसांना द्यायचा अर्जसुद्धा लिहिलेला आहे. तारीख तेवढी घालायची राहिलीय.”

“तुम्हाला माहितीय ना मी अठराची आहे?”

“मला माहीत असून काय उपयोग?”

“नाही, पण माहितीय ना?”

हे तिने दोनदा विचारले. दुसऱ्यांदा तर अगदी हळू, जणू तेवढ्यावरच काही अवलंबून होते. भाऊसाहेबांच्या मनात फळीवरचा पेला पुन्हा हलला. सुईण अंगणात पळालेली, कौले घसरताहेत, आणि अंधारात कोणीतरी एकटेच जन्माला येते आहे. आपण चौकात मस्टर छातीशी धरून उभे आहोत. ‘हो’ म्हणायला काहीच हरकत नव्हती. बाकावरच्या बाईला ऐकू गेले नसते. कुठे नोंद झाली नसती.

“रजिस्टरप्रमाणे सतरा,” भाऊसाहेब म्हणाले.

तिने मान हलवली. मोसंबीवाल्या बाईकडे पाहिले. मग हात डोक्याशी नेला आणि वेणीतले फूल काढून जिन्याच्या कठड्यावर ठेवले. ते फूल कधी घातले होते हे भाऊसाहेबांच्या लक्षातच आले नव्हते. ती स्वतःहून आत गेली. डॉक्टरीणबाईंनी काय विचारले ते ऐकू आले नाही. “हो, चालेल,” एवढे अनुपमाचे ऐकू आले. तो आवाज भाऊसाहेबांच्या ओळखीचा होता. जेमतेम.

त्यांनी खुर्चीत बसून सही केली. लवू धोंडू घाडीगावकर, पूर्ण, नात्याच्या रकान्यात ‘वडील’, खाली तारीख. फॉर्मची एक नक्कल फायलीला मिळेल का, असे त्यांनी विचारले. डॉक्टरीणबाईंनी वर न बघता सांगितले, “नाही.” हे कागद गुप्त ठेवायचे असतात, कायद्यानेच. त्यांनी मान डोलवली. नियम असला की त्यांना बरे वाटे.

मग बराच वेळ काही झाले नाही. जयंती सिस्टर आतल्या दारातून अनुपमाला घेऊन आल्या. साडी नव्हती, हिरवा झगा होता, त्याच्या मागच्या नाड्या वेगवेगळ्या उंचीवर बांधलेल्या. झग्यात ती सतराचीही दिसत नव्हती. ती आपल्याकडे येते आहे हे पाहून भाऊसाहेब उभे राहिले. आता ती बोलेल. काय बोलेल ते सगळे त्यांनी गेल्या पंधरवड्यात मनाशी बोलून ठेवले होते, आणि प्रत्येकाला एकेक उत्तरही. तुमचं तोंड बघणार नाही, याला उत्तर होते. तुम्ही मला मारलंत, याला होते. त्याच्या जातीमुळे ना, याला तर तीन होती. रडली तर काय करायचे, तेही ठरले होते.

ती समोर उभी राहिली. दोन्ही हात कानांशी नेले, मान आधी एका बाजूला झुकवली, मग दुसऱ्या. सरळ, जवळच्या रस्त्याने, डोक्यावरून नाही. मूठ उघडून तिने त्यांच्या तळहातावर दोन कुड्या ठेवल्या. बारशाला आजीने घातलेल्या. अंगाच्या उबेने त्या अजून कोमट होत्या.

“आत दागिना चालत नाही,” ती म्हणाली. “डावीची फिरकी सैल आहे. तेवढी पडू देऊ नका.”